सात खेचरं मागल्या पावली

दफेदार रंगराव फडतरे माझ्या तोंडापाशी तोंड आणून म्हणाले, "ही काय तुझ्या बापाची विहीर हाय का रं?"

आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी बोलून गेलो, "न्हाई मालक. विहीर तुमच्या वडलांची."

सगळी कंपनी फसकन हसली. कप्तानसाहेबांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांच्याही मिशा हलल्या. हसले नाहीत ते एकटे दफेदार. त्यांच्या पायाशी उपटलेल्या खुंट्या पडल्या होत्या. तीन खेचरं सुटून तळाबाहेर उधळली होती आणि चौथं भटारखान्यात शिरून डाळीच्या पातेल्यात पाय घालून उभं होतं. हे सगळं हरणीमुळं, म्हणजे माझ्या ताब्यातल्या खेचरीमुळं झालं होतं, आणि हरणीनं ते माझ्यामुळं केलं होतं.

ही इटलीतली गोष्ट. दुसरं महायुद्ध चाललं होतं, हिवाळा होता, आणि आम्ही खेचरांच्या कंपनीत ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढं मोटार येते. आमचा ड्रायव्हर म्हणजे खेचराची दोरी धरून चिखलातून चालणारा माणूस. जिथं मोटार पोचत नव्हती तिथं डोंगरावरच्या पलटणीला दाणागोटा आणि दारूगोळा खेचरांवरून जायचा. आम्ही बरेचसे माणदेशातले सालगडी, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. जनावरांची सवय आहे म्हणून भरतीवाल्यानं आम्हाला उचललं होतं.

दफेदार माझ्याच गावचे, फडतऱ्यांचे धाकटे चिरंजीव. त्यांच्या विहिरीवर मी बारा वर्षं मोट धरली होती. फौजेत त्यांना दफेदारसाब म्हणायचा हुकूम होता, पण मी घाबरलो की तोंडातून 'मालक' निघायचंच.

मोट आताच्या पोरांनी पाहिलेली नाही, तेव्हा सांगितली पाहिजे. विहिरीच्या काठापासून एक उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धाव उतरले की भरलेली कातडी मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. हे सगळ्यांना दिसतं. पण मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर बैल परत वर यायला हवेत, आणि ते वळून येत नाहीत. जू मानेवर तसंच, तोंड शेताकडं, आणि पाय मागं मागं चढावर. दिवसातून दोन-अडीचशे वेळा. बैलाला मागचं दिसत नाही, मागं विहीर आहे एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो येतो, कारण मागं मोटकरी असतो आणि मोटकऱ्याचा आवाज असतो. आवाज थांबला की बैल थांबतो. ज्याचा त्याचा सूर वेगळा. माझा म्हणजे नुसतं गुणगुणणं होतं, त्याला शब्द नव्हते. बापाकडून आलेलं. मधेच जीभ टाळूला लावून दोन टिचक्या.

फौजेत पहिल्याच दिवशी आम्हाला पढवलं होतं, खेचर डाव्या अंगानं, तोंडापाशी धरायचं. खेचराच्या मागं कधी उभं राहायचं नाही, एका लाथेत माणूस जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि दिवसभर मी आपला जनावराच्या मागं जाऊन उभा. बारा वर्षांची खोड ती, एका दिवसात कशी जाणार?

त्यात आमचा पाण्याचा हौद दोन भिंतींच्या बोळात होता. पाणी पाजून झालं की सगळे आपापलं खेचर त्या गर्दीत वळवायला झटायचे, एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे. मी हरणीच्या पाठीमागं जाऊन शेपटीवरच्या पुठ्ठ्यावर हात ठेवायचो, सूर धरायचो आणि तिला मागं मागं बाहेर काढायचो. पहिले दोन दिवस तिनं कान पाडले. पंधरा दिवसांत अशी शिकली की नुसता सूर ऐकला की निघाली मागं.

तर त्या दिवशी तपासणी होती. खेचरं एका लांब दोराला ओळीनं बांधलेली, आम्ही डाव्या अंगाला ताठ उभे. कप्तानसाहेब एकेक जनावर बघत माझ्यापर्यंत आले. मला भ्यालो की गुणगुणायची सवय. नकळत सूर निघाला. हरणीनं ऐकला. झालं, ती निघाली मागं, दोर ताणला, खुंट्या उपटल्या आणि पुढचा सगळा तमाशा झाला.

खेचरं धरून आणून बांधल्यावर दफेदारांनी मला बाजूला घेतलं.

"बयाजी, तू माझ्या गावचा म्हणून आजवर सोसलं. साहेबापुढं लाज घालवलीस. आणखी एकदा खेचराच्या मागं दिसलास, नाहीतर ते तुझं मोटेचं रडगाणं माझ्या कानावर आलं, तर हरणी दुसऱ्याला देईन आणि तू जाशील भटारखान्यात भांडी घासायला. समजलं?"

"समजलं, मा... दफेदारसाब."

भांडी घासायचं मला काही नव्हतं. जन्मभर मी शेणघाणच केली होती. पण हरणी माझी होती. गावाकडं मी बारा वर्षं ज्या बैलांच्या मागं चाललो ते फडतऱ्यांचे बैल, विहीर फडतऱ्यांची, मोट ओढायचा नाडा त्यांचा, मोट त्यांची. मी आजारी पडलो तर दुसरा मोटकरी, सूर दुसरा, बाकी सगळं तेच. इथं कागदावर लिहिलेलं होतं, खेचर अमुक नंबर, ड्रायव्हर बयाजी मदने. बायकोला पत्र लिहून घेतलं तेव्हा मी पहिली ओळ हीच घालायला सांगितली होती. हरणी काढून घेतली तर दुसऱ्या पत्रात काय घालणार होतो?

म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं. हौदावर हरणीला सगळ्यांसारखी झटून वळवायला लागलो. ती माझ्याकडं बघायची, याला झालंय तरी काय म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. वरच्या डोंगरावर आपली एक मराठी पलटण बसलेली होती. पावसानं वाटा गेल्या होत्या आणि दोन दिवस तिला ना भाकर ना गोळी पोचली होती. सात खेचरं, सात माणसं, ताबडतोब निघायचं. पुढं दफेदार स्वतः, त्यांचं खेचर सुलतान. सुलतान सगळ्या कंपनीत थोराड आणि लाथाळ, दोघांना त्यानं आधीच इस्पितळात धाडलं होतं. सगळ्यात मागं मी आणि हरणी. शेवटचा नंबर म्हणजे सगळ्यांचा चिखल अंगावर घ्यायचा, ती माझी शिक्षा होती. माझ्या पुढं हरबा लोखंडे, सांगोल्याकडचा. त्याचं तोंड झोपेतही चालायचं.

वर जायला दोन वाटा होत्या. एक ओढ्यातून, लांबची, चिखलाची, पण आडोशाची. दुसरी कड्याच्या पोटात खोदलेली, निम्म्या वेळाची. ह्या कड्याच्या वाटेला डाव्या हाताला सरळ भिंत, उजव्या हाताला सरळ दरी, आणि रुंदी अशी की लादलेलं खेचर गेलं की एका अंगाची पेटी भिंतीला घासायची. समोरच्या डोंगरावर जर्मनांच्या तोफा होत्या. उजेडात त्या वाटेवर मांजरसुद्धा दिसलं असतं. पण त्या सकाळी धुकं असं पडलं होतं की मला हरबाच्या खेचराची शेपटी दिसत होती, हरबा दिसत नव्हता.

"धुकं फाटायच्या आत पार होऊ," दफेदार म्हणाले, आणि आम्ही कड्याच्या वाटेला लागलो.

वाटेत एका ठिकाणी भिंतीत कोनाडा होता, त्यात तिथल्या लोकांच्या मेरीआईची, येशूच्या आईची मूर्ती आणि पुढं थोडी रुंद जागा, खेचर वळेल एवढी. हरबानं जाताजाता हात जोडले. म्हणाला, "आई, वळखीची न्हाईस, पण लक्ष असू दे." तिथून पुढं वाट वळली, आणि मग पन्नास-साठ पावलांवर माझ्या पुढची शेपटी थांबली.

तोंडातोंडी निरोप मागं आला. पुढं वाट नाही. पावसानं म्हणा, गोळ्यानं म्हणा, दहा-बारा हात वाट तुटून दरीत गेली होती. सुलतानचे पुढचे पाय तुटलेल्या कडेवर होते.

वळायला जागा नाही. पुढं जायला वाट नाही. आम्ही सात माणसं आणि सात खेचरं ओळीनं भिंतीला चिकटून उभे राहिलो. 

मग दुसरा निरोप आला. तो हरबानं मला सांगितला.

"दफेदार म्हणत्यात, वझी सोडा. डोक्यावर जेवढं येईल तेवढं घ्या. जनावरं दरीत ढकला. नऊच्या पुढं धुकं ऱ्हात न्हाई."

हुकूम चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. धुकं फाटल्यावर ती खेचरं तिथं दिसली असती तर जर्मनांनी वाटेसकट उडवली असती, आणि आम्हालाही. पण सात माणसांच्या डोक्यावर काय येणार? चार पेट्या, दोन पोती. वरच्यांना एक वेळचं पुरलं नसतं.

मी हरणीकडं बघितलं. धुक्याचं पाणी तिच्या पापण्यांवर साचलं होतं. ती नेहमीसारखी माझ्या खिशाला नाक लावून उभी होती. भटारखान्याची आठवण झाली, नाही असं नाही. पण हरणी तर जाणारच होती, दुसऱ्याकडं नाहीतर दरीत. मग म्हटलं, जाऊ दे आता.

"हरबा, निरोप दे. म्हणावं, मी मागं नेतो."

निरोप गेला. उत्तर आलं, "खेचर मागं चालत न्हाई."

"म्हणावं, हरणी चालती. त्यांना म्हाईत हाय."

ह्या वेळी उत्तराला उशीर लागला. मग आलं, "एक नेऊन दाखव."

हरणीच्या मागं जायला बाजूनं जागाच नव्हती. मी चिखलात आडवा झालो आणि तिच्या पोटाखालून सरपटत मागं गेलो. उठलो. पुठ्ठ्यावर हात ठेवला. फौजेत जिथं उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तिथंच. माझ्या मागं धुकं होतं, वाट कुठं संपते ते मला दिसत नव्हतं, पायानं चाचपायचं. मी सूर धरला. तीन दिवस तोंडात कोंडलेला सूर, पहिल्यांदा नीट निघालाही नाही.

हरणीनं कान मागं केले आणि एक पाय मागं टाकला. मग दुसरा.

त्या पन्नास-साठ पावलांत मी घामानं भिजलो. उजवा खूर कडेच्या खड्यांवर पडला की खडे दरीत जायचे आणि किती वेळानं आवाज यायचा. आवाज आला की ती थबकायची. मी सूर तोडला नाही. बैल थबकला तरी मोटकऱ्यानं थबकायचं नसतं, नाहीतर बैलाला वाटतं मागं खरंच काहीतरी आहे. वळण आलं, मग मेरीआई आली. तिथं मी हरणीला वळवली, मागची खेचरं मावतील एवढी वाटेनं पुढं नेली, दोरी भिंतीतल्या दगडाला गुंडाळली आणि पळत परत गेलो.

"आली का रं?" हरबानं विचारलं.

"आली. तू तोंडापाशी थांब. मी मागं हाय. माझ्या सुरावर तुझ्या खेचराच्या छातीला हात लावून रेट, जोरानं न्हाई. आणि तोंड बंद ठेव."

"ते तेवढं अवघड हाय," हरबा म्हणाला. पण ठेवलं.

बाकीच्या खेचरांना हे शिकवलेलं नव्हतं. पण महिनाभर ती हरणीशेजारी बांधलेली होती, हौदावर रोज तो सूर ऐकत होती. आणि तिकडं मेरीआईच्या पलीकडं एकटी पडलेली हरणी ओरडायला लागली होती. खेचराला एकटं राहवत नाही, आणि सोबतीच्या खेचराचा आवाज आला की तिकडं जायची ओढ लागते. पुढं तोंड करून जाता येत नाही म्हटल्यावर ढुंगण तिकडं जायला लागलं. हरबाचं गेलं. त्याच्या पुढचं गेलं. त्याच्या पुढच्यानं मला चांगला अर्धा तास रडवलं, एक पाय दरीवर टाकून ते तसंच उभं राहिलं, आणि मी त्याची शेपटी धरून गात राहिलो, शेवटी आपणहून पाय आत घेतला. प्रत्येक वेळी मागं उभं राहायचं, न्यायचं, वळवून हरणीच्या मागं लावायचं, पळत परत यायचं. सहा खेचरं गेली. माझा घसा फाटला होता.

शेवटी राहिला सुलतान. आणि दफेदार.

दफेदार त्याच्या तोंडापाशी उभे होते, तुटक्या कडेला. एवढा वेळ ते तिथून हलले नव्हते, कारण ते हलले असते तर सुलतान हलला असता. धुकं आता पातळ झालं होतं. समोरच्या डोंगराचा शेंडा दिसायला लागला होता.

"बयाजी, सहा पुष्कळ झाली," ते म्हणाले. "तू जा. ह्याला मी बघतो."

बघतो म्हणजे काय ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. सुलतानाला त्यांनी कंपनीत आल्यापासून स्वतःच्या हातानं खाऊ घातलं होतं.

"मालक, ह्याच्या पाठीवर काय हाय?"

"उखळी तोफेचे गोळे."

"मग वर काय नुसत्या भाकरी धाडायच्या?"

मी त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. सूर धरायच्या आत त्यानं लाथ घातली.

मला आधी दुखलंच नाही. लाकूड मोडल्यासारखा आवाज तेवढा आला. मग उठायला गेलो तर उजवी मांडी माझी नव्हतीच. दफेदार पुढून विचारत होते, "लागलं का? बयाजी, लागलं का रं?"

"लागलं. बसूनच करतो."

आणि मी बसलो, सुलतानच्या मागच्या पायांच्या मधोमध, वाटेवर. एक हात त्याच्या नडगीवर ठेवला, दुसऱ्या हातानं जमीन चाचपत, ढुंगणावर मागं सरकत. तो पाय मागं टाकायचा तो माझ्या गुडघ्याशेजारी पडायचा. त्यानं आणखी एकदा पाय झाडला असता तर डोक्यातच बसला असता. मी गात होतो. पाच पावलं गेली, दहा गेली. दर सरकण्याला मांडीतून अशी कळ यायची की डोळ्यांपुढं अंधारी. विसाव्या-पंचविसाव्या पावलाला माझा आवाज गेला. तोंड उघडलं तरी नुसती हवा. सूर तुटला.

सुलतान थांबला. त्याच्या मांडीची कातडी थरथरायला लागली. लाथ घालण्याआधी खेचराची कातडी अशीच थरथरते, मी ते बघत होतो आणि मला हलता येत नव्हतं.

आणि सूर आला.

माझाच. बापाचा. तीच ओढ, त्याच टिचक्या, मधे घ्यायचा तो हेलसुद्धा तसाच. तो सुलतानच्या तोंडाकडून येत होता. दफेदार रंगराव फडतरे, ज्यांनी उभ्या जन्मात मोटेचा नाडा हातात धरला नव्हता, ते माझं गाणं म्हणत होते, आणि एक टिचकीही चुकत नव्हते.

कातडी थरथरायची थांबली. पाय मागं आला. मी सरकलो.

तसे आम्ही तिघं आलो. वळणाच्या अलीकडं होतो तेव्हा ऊन पडलं आणि मला दरी पहिल्यांदा दिसली, तळापर्यंत. ती न दिसलेलीच बरी होती. वळणाआड गेलो आणि हरबानं मला काखेत हात घालून ओढलं, तेवढ्यात पहिला गोळा आला. आम्ही जिथं इतका वेळ उभे होतो ती वाट खाली गेली. दुसरा आला, तिसरा आला. मेरीआईपर्यंत मात्र काही आलं नाही.

मला दोघांनी घोंगडीत घालून खाली नेलं. बाकीचे ओढ्याच्या वाटेनं वर गेले.

लोक अजून मला विचारतात, आजोबा, लंगडता, लढाईत गोळी लागली का? मी सांगतो, गोळी नाही, लाथ. त्यांची तोंडं उतरतात. गोळीचं कौतुक असतं, लाथेचं नसतं. मला मात्र ह्या पायाचा जेवढा ताठा आहे तेवढा धडक्या पायाचा नाही.

आठ दिवसांनी दफेदार इस्पितळात आले. खाटेशेजारी स्टूल होतं, त्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"सातही पोचली," ते म्हणाले. "दुपारी दोनला. वरच्या पोरांनी सुलतानाच्या गळ्यात पडून मुके घेतले. एकालाही लाथ घातली न्हाई त्यानं."

"आणि हरणी?"

"तुझ्या नावावर हाय. तिला कोण हात लावतंय? साहेबानं विचारलं, अशा वाटेवर खेचरं वळवली कशी? म्हटलं, वळवली न्हाईत, मागं चालवली. त्याला पटंना. म्हणाला, हे कुठल्या पुस्तकात शिकवलंय? म्हटलं, पुस्तकात न्हाई. ड्रायव्हर बयाजी मदने, त्याला येतं. मी त्याला त्यासाठीच शिक्षा केली होती, हेही सांगितलं."

 मनात होतं ते विचारून टाकलं.

"मालक, तुम्हांला तो सूर कसा येतो?"

"न येऊन कुठं जातो? विहिरीवरच्या खोलीत माझा पाळणा होता. तुझा बाप मोट धरायचा, मग तू. मला रोज पहाटं त्यानं जाग यायची आणि दुपारी त्यानंच झोप लागायची." ते टोपीची कडा बोटांनी दाबत राहिले. "तुझ्या तोंडून बारा वर्षं ऐकला, बयाजी. एकदासुद्धा धावंवर येऊन बघितलं न्हाई, कोण म्हणतंय ते. बैल मागं येतात ते आपणहून येतात, असंच मला वाटायचं."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. दोघांनी खिडकीकडं बघितलं.

दीड महिन्यानं मी काठी टेकत तळावर परत आलो. ओझं घेऊन चालायला मला बंदी होती, पण तळावर राहायला नव्हती. सकाळची वेळ. लांबून बघतो तर खेचरांच्या ओळीपुढं कोणी नाही.  जवळ गेलो तेव्हा दिसलं, सगळे ड्रायव्हर आपापल्या खेचराच्या मागं उभे होते. पुठ्ठ्यावर हात, आणि जो तो जमेल तसं गुणगुणतोय. कंपनीतले पंजाबी आपल्या तालात, हरबा भलत्याच चालीवर. कप्तानसाहेब पाइप ओढत बाजूला उभे राहून बघत होते. हरणीनं मला ओळखलं आणि अशी ओरडली की सगळ्यांचे सूर बंद पडले.

ओळीच्या शेवटी सुलतानच्या मागं दफेदार होते. सुलताननं कान पाडले होते. दफेदारांचा सदरा कोपरापर्यंत चिखलानं माखला होता, म्हणजे त्यानं त्यांना एक-दोनदा लोळवलेलं दिसत होतं.

"आलास," ते म्हणाले. "बरं झालं. सूर बरोबर धरतो, तरी हा जागचा हलत न्हाई. माझा हात चुकतोय. कुठं ठेवू?"

"मालक, जरा..."

"मालक म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"सध्या काही म्हणू नको. मी शिकणारा, तू शिकवणारा. हात कुठं ठेवायचा तेवढं सांग."

सांगून ते कळण्यासारखं नव्हतं. मी काठी बगलेत धरली, फडतऱ्यांच्या धाकट्या मालकांचा हात मनगटाला धरून उचलला आणि सुलतानच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या मुळापासून चार बोटं वर, जिथं ठेवायचा असतो तिथं ठेवला. मग त्या हातावर माझा हात ठेवून मी सूर धरला, आणि सुलतान मागं आला.